परीक्षेच्या दिवसाचा ताप

सकाळ

राज्यभरच्या चाचणीचा गठ्ठा टेबलावर आला आणि चौथीच्या बाईंनी मागचा बाक पाहिला. रिकामा. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आदली दुपार

मुख्याध्यापिकांनी दार लोटून घेतलं. "यंदाही सरासरी घसरली तर आपल्या शाळेला टाळं. तुम्ही कुठे, मी कुठे. बोला, उद्या कोणाकोणाला ताप येतोय?"

या शाळेत असंच विचारायची रीत होती. ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांच्या घरी निरोप जायचा: उद्या पाठवू नका. हजेरीत 'ताप' लागायचा. बाईंनीही असे निरोप धाडले होते. आता त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

"मागच्या बाकावरचीला कळवा."

"ती आता वाचते हो. अडखळत, पण वाचते."

"अडखळण्याला गुण आहेत का?"

निरोप मात्र त्यांनी धाडला नाही.

शाळा सुटल्यावर पोरगीच जवळ आली.

"बाई, उद्या मला ताप येणार ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? आमच्या ताईला दर परीक्षेला यायचा. मग तिने शाळाच सोडली." मग बाईंचीच समजूत काढावी तशी म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. मी नाही येत. शाळा राहिली पाहिजे ना आपली!"

बाई 'नको येऊस' म्हणाल्या नाहीत. 'ये' असंही म्हणाल्या नाहीत.

पुन्हा सकाळ

गठ्ठा शेजारच्या वर्गातल्या सरांच्या हाती देऊन बाई निघाल्या.

"अहो, घंटा होईल!"

"होऊ दे."

गल्लीच्या टोकाच्या खोलीत पोरगी खरोखरच पांघरूण ओढून पडली होती. ताई तिच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. हात सरावाचा.

बाईंनी फडकं उचलून ताईच्या हाती दिलं. कपाळ थंडगार.

"ऊठ. चपला घाल."

"पण शाळा?"

"शाळेचं मी बघते. तू पेपर बघ."

पोरगी टुणकन उठली. ताई फडकं पिळत राहिली. मान वर न करता म्हणाली, "मला न्यायला नव्हता आलात, बाई."

बाईंनी ओल्याच हाताने पोरीचा हात धरला.

घंटेनंतर मागच्या बाकावर पोरगी पहिल्या ओळीखाली बोट धरून बसली होती. दारात मुख्याध्यापिका उभ्या. बाईंनी पेपर तिच्यापुढे नीट सरकवला. कोपऱ्यावर बाईंच्या ओल्या बोटाचा डाग उमटला.