मिरचीच्या ओळीतले लाल दोरे

"जाय रे राघू, मामाच्या वावरात! आमचं कणीस अजून दुधात!"

सहा वर्षांचा हर्षल ज्वारीतल्या मचाणावर उभा राहून अशी हाळी द्यायचा की पाखरं उडायचीच, पण शेजारच्या वावरातली माणसंही कमरेवर हात ठेवून हसायची. जयमालाच्या कानात तो आवाज अजून होता. आणि आज तोच लेक, पंधरा वर्षांचा, टाचा जुळवून तिच्यापुढे उभा होता.

"जय हिंद, आई."

हे काय झालं माझ्या पोराचं?

देऊळगाव राजाहून पहाटेची एसटी धरून पालकभेटीला ती बुलडाण्याजवळच्या या सैनिकी शाळेत आली होती, ते मनाशी एक ठरवूनच. लेकराच्या अंगावर एक जरी वळ दिसला, तर आजच त्याची पेटी उचलायची. नवरा, तुळशीराम, निघताना म्हणाला होता, "आणू नको त्याले. सुधरून राह्यला तिथं."

सुधरून राह्यला! वर्षभर शाळेला दांडी मारणारा, बसस्टँडवर एकाचं डोकं फोडणारा, बापाची मोटरसायकल विहिरीत ढकलणारा पोरगा पाच महिन्यांत सुधरतो? मारल्याशिवाय?

"शर्ट काढ बरं."

"आई, सगळे पाहून राह्यले!"

"पाहू दे. काढ."

पाठ साफ होती. कोपर तेवढं खरचटलेलं.

"हे काऊन?"

"दोरावर चढताना हात सुटला."

"असंच सांगाले शिकवलं न तुले?"

तो हसला. ते हसणंही तिला परकं वाटलं.

मग ती स्वयंपाकघरात शिरली. पोळ्या लाटणाऱ्या पुष्पाबाईला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगा. पोरायले मारतात का इथं?"

"तुमच्या हर्षलले? तो तर कारल्याची भाजी दोनदा मागतो."

घरी कारलं पाहून ताट भिरकावणारा पोरगा! जयमालाचा संशय घटायचा सोडून दुणावला. भ्यायलेलं लेकरू काहीही खातं, तिनं मनात म्हटलं.

चार वाजता मैदानावर शिट्टी झाली. चुन्याच्या रेघेवर पोरं ओळीनं उभी राहिली. पुढे निवृत्त हवालदार प्रसेनजित. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची.

"आपापली चूक सांगा. दुसऱ्याची नको."

एक ठेंगणा पोरगा रेघ ओलांडून पुढे आला. "उस्ताद, मी शिवमच्या डब्यातले लाडू खाल्ले."

"किती?"

"दोन." मग खाली पाहत, "चार."

"चार फेऱ्या."

पोरगा पळत सुटला. दुसऱ्या फेरीला ज्याचे लाडू गेले तो शिवमच ओळीतून निघाला आणि त्याच्यासोबत धावू लागला. उस्तादांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

ओळ मोडल्यावर जयमाला तडक त्यांच्यापुढे गेली. "सर, हे नाटक आमच्यासाठी न? मायबाप आले म्हणून?"

"पहिल्या महिन्यात नाटकच असते, ताई," प्रसेनजित शांतपणे म्हणाले. "तुमचा हर्षल तर ओळीतून हलेच ना. म्हणे, माझी चूकच नाही तर बोलू काय? मी म्हटलं, मग तेच सांग. तर रोज पुढं यायचा आणि एकच सांगायचा, 'उस्ताद, मिरचीले दोरे मी नाही बांधले.' मले काय समजते दोऱ्यातलं? पण ऐकलं. दीड महिना ऐकलं. मग एका दिवशी म्हणाला, 'मोटरसायकल मात्र मीच ढकलली.' आणि स्वतःच धावला. किती फेऱ्या, मी मोजल्या नाही."

ते दोरे जयमालाला चांगले ठाऊक होते.

मागच्या साली त्यांच्या शेडनेटमध्ये एका बियाणे कंपनीसाठी मिरचीचा बीजप्लॉट होता. कळी उघडून, दुसऱ्या वाणाचा पराग बोटानं लावायचा आणि मगच देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, याच मिरचीचं बियाणं धरायचं. त्या दिवशी जयमालाच्या अंगात ताप होता, कंपनीचा माणूस दुपारी पाहायला येणार होता, आणि दोन ओळी तशाच उरलेल्या. तिनं पराग न लावता, आपोआप उमललेल्या फुलांनाच भराभर दोरे बांधले. बियाणं भेसळ निघालं, सगळं परत आलं. हर्षल मोबाइल घेऊन शेडनेटमध्ये लपायचा, हे तुळशीरामला ठाऊक होतं. यानंच मस्तीत दोरे बांधले, म्हणून त्यानं चार बायांदेखत पोराला पट्ट्यानं मारलं. जयमाला तेव्हा उंबऱ्यात उभी होती. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं होतं. पोरगं बिघडलं, ते त्या दिवसापासून.

आणि ती सकाळपासून या लोकांच्या हातचे वळ शोधत होती.

"आई, तुही एसटी निघून जाईन," हर्षल पाण्याची बाटली भरून घेऊन आला होता. "आणि बाबाले सांग, सुट्टीत येईन तर विहिरीतून गाडी काढाले मीच उतरतो."

तिनं चप्पल काढली, आणि चुन्याच्या त्या रेघेपलीकडे, पोरं चूक सांगायला जिथं येतात तिथं, लेकासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरायला हात उठला आणि मधेच खाली आला.

"काय झालं वं आई?"

"हर्षल," ती म्हणाली, "ते दोरे म्या बांधले होते रे. तुह्या बापालेही आज घरी गेल्याबरोबर सांगतो."