काचेपलीकडचा घास

ढगात डोकं घालायचं आणि चव सांगायची, एवढंच काम होतं.

ढग मी तयार करायचे. खांद्यापर्यंत येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी, तिला पुढून एक भोक, आणि त्या भोकातून रबरी फुगा दाबून सॅकरिनच्या पाण्याचा फवारा. आधी मास्क न लावता. तेव्हा गोड लागलं पाहिजे. मग मास्क लावून. तेव्हा लागता कामा नये. लागलं, तर मास्कच्या कडेनं हवा आत शिरते, आणि हवा शिरते तिथून विषाणूही शिरतो. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं होतं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सोलापुरातल्या वृद्धाश्रमांत कर्मचाऱ्यांचे मास्क असे तपासत फिरत होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या त्या आश्रमात बारा म्हातारी माणसं होती. यंत्रमाग बंद होते. एरवी त्या भागात भिंतींनाही बारीक थरथर असते. त्या दिवशी फवाऱ्याचा ‘फुस्स’ आवाज व्हरांड्यातून निघून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जाताना ऐकू आल्यासारखा वाटत होता. टोपीत धुकं भरलं, की आतला चेहरा पुसट व्हायचा. डोळे मिटलेले, जीभ किंचित बाहेर. माणूस झोपेत काहीतरी आठवतोय असं वाटायचं.

माझी एक सवय होती. पहिल्या बाटलीत मी नुसतं पाणी ठेवायचे आणि ते कुणाला सांगायचे नाही.

पहिले आले वॉचमन बसप्पा.

“काय लागतंय, काका?”

“ह्ये तर नुसतं पाणी की. टँकरचं हाय व्हय?”

मी हसू दाबून दुसरी बाटली घेतली.

“आता गोड! लई गोड! कुनाचं लगीन हाय, मॅडम?”

त्यानंतर नागूबाई. पन्नाशीच्या, उंच, पदर खोचलेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कोंडीबांचं सगळं त्याच करायच्या. टोपीत शिरल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी पाण्याचा फुगा दोनदा दाबला.

“गोड हाय,” त्या म्हणाल्या.

मी थांबले. बाटलीवरची चिठ्ठी वाचली: पाणी. पुन्हा दाबला.

“किती गोड, मावशी?”

“लई. गुळावानी.”

धुकं खाली बसत होतं. प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळत होते आणि त्यांच्यामागे नागूबाईंचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा हलत होता.

“मावशी, सकाळचा चहा कसा लागला?”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“परवापासनं कशालाच चव न्हाय, पोरी.”

“मग गोड का म्हणालात?”

“बसप्पा म्हनला की गोड. आतनं ऐकलं मी.”

मी ती टोपी पिशवीत बांधून बाजूला ठेवली आणि त्यांच्या नाकातला नमुना घेतला. दहा मिनिटांनी पट्टीवर दुसरी रेघ उमटली, आधी फिकट, मग ठळक.

“दोन दिवस सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला होता.

“सांगून काय करू? मी कोपऱ्यात पडले तर कोंडीबांस्नी कोन खाऊ घालंल? त्ये घास बघून तोंड उघडत न्हाईत. मी आ केलं, तरच आ करत्यात.”

“मास्कमधून आ दिसतो?”

त्यांनी मान खाली घातली. “घासापुरता काढते की.”

मी मनात मोजलं. एका जेवणाला साधारण तीस घास. दिवसाला दोन जेवणं. चव जायच्या आधीचा एक दिवसही धरला, तर तीन दिवस. एकशे ऐंशी वेळा उघडं तोंड, उघड्या तोंडासमोर.

कोंडीबांची चाचणी निगेटिव्ह आली, पण तिला तेव्हा फारसा अर्थ नव्हता. पाच दिवसांनी पुन्हा करायची होती. तोवर त्यांची खोली वेगळी. नागूबाई अंगणापलीकडच्या खोलीत. बाकीच्या अकरा जणांवर बसप्पा आणि स्वयंपाकीणबाईंची नजर. कोंडीबांना भरवायला मी राहिले. माझा मास्क कडेनं गळत नव्हता.

त्यांनी संध्याकाळी काही खाल्लं नाही. सकाळीही नाही. दुधात कुस्करलेली भाकरी मी ओठांपर्यंत न्यायचे आणि ते माझ्या पांढऱ्या मास्ककडे बघत राहायचे, समोर कोरी भिंत असल्यासारखे. अंगावर नुसती हाडं होती. असे आणखी दोन दिवस गेले, तर विषाणूची गरजच नव्हती.

दुपारी फोन वाजला.

“त्यांची खुर्ची खिडकीशी घे,” नागूबाई म्हणाल्या. “काच लावूनच ठेव. मी बी लावलीया.”

मी खुर्ची ओढली. दोन बंद काचा, मधे ऊन आणि कडुनिंब. पानांची सावली दोन्ही काचांवरून सरकत होती. पलीकडे नागूबाई ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घास उचलला, कोंडीबांकडे पाहिलं आणि मोठा आ केला.

कोंडीबांचे डोळे काचेवर काहीतरी शोधत राहिले. मग ओठ सुटले. मी घास आत ठेवला.

पलीकडे आ, अलीकडे आ. उन्हात वेळ कुठे जात होता कळत नव्हतं. अकराव्या घासाला लक्षात आलं, की मास्कच्या आत माझंही तोंड उघडत होतं.

पाचव्या दिवशी कोंडीबांची दुसरी चाचणी निगेटिव्ह आली. बाकी अकरा जणांचीही. मी तो कागद दोनदा वाचला. मास्क कुठे गळतो ते मला शोधता येतं. एकशे ऐंशी वेळा नशीब कसं टिकलं, ते अजून सांगता येत नाही.

सातव्या दुपारी नागूबाईंनी शेवटचा घास म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकला आणि त्यांचा जबडा थांबला. हात तसाच हवेत. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मी घाबरून फोन लावला.

“काय झालं, मावशी?”

“गोड हाय गं.”

“नक्की? का बसप्पाकाका म्हणाले?”

त्या हसायला लागल्या आणि काचेवर श्वासाचं धुकं धरलं. त्यात त्यांचा चेहरा दिसेना. खुर्चीत कोंडीबा आ करून बसले होते, घास का येत नाही म्हणून माझ्याकडे रागानं बघत.