काचेतली सातेरी

गावाला पत्र लिहायचं झालं की गुणाजी वर ठसक्यात ‘मुक्काम मुंबई’ लिहायचा, आणि बोरीवलीच्या चाळीतून कोटात जायचं असलं की शेजाऱ्यांना सांगायचा, “मुंबईला जातोय.” म्हणजे आपण राहतो ती मुंबई नव्हे, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, “तुला एकदा मुंबई दाखवतो” हे ऐकून ऐकून सुलक्षणाचे कान किटले. शेवटी मुलगी माणिक चौथीत गेली, तिच्या पुस्तकात गेटवेचं चित्र आलं, तिने हट्ट धरला, आणि पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर स्वारी एकदाची हलली. बायकोचा शब्द अकरा वर्षं पडून राहतो, लेकीचा एका रात्रीत झेलला जातो. चालायचंच.

निघताना सुलक्षणाच्या हातात पितळी कड्यांचा डबा होता. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू. येताना पारल्याला उतरून तो मालकांकडे द्यायचा होता. मालक म्हणजे सावरखोलचे खोत अनंतराव. सरकारने कायदा करून खोती काढून घेतली खरी, पण सावरखोलच्या माणसाच्या तोंडातून ‘मालक’ काही निघाला नाही. आता ते पारल्याच्या बंगल्यात राहत. गुणाजीला कापडाच्या गोदामात कारकुनी लावून दिली त्यांनीच, आणि सुलक्षणाचं लग्नही जमवलं त्यांनीच. तेही केव्हा? तर सगळ्या गावाने तिच्या बापाला चोर ठरवलं होतं, तेव्हा.

तिचा बाप काशीराम, सातेरीच्या देवळाचा गुरव. सात पिढ्यांची पूजा. एका शिमग्याला देवीचा मुखवटा भांडारातून बाहेर काढायची वेळ झाली, पेटी उघडली, तर आत नुसता तांबडा कपडा. चावी गुरवाच्या कमरेला. गाव जमला, देवळाच्या पायरीवर बसला, विचारलं, “काशीराम, मुखवटा खंय?” तो बोलला नाही. दोन दिवस विचारलं, दोन दिवस हा गप्प. मालकही समोर बसले होते. गावाने त्याला वाळीत टाकलं. विहिरीवर कोणी घागर भरू देईना, आणि सोळा वर्षांच्या सुलक्षणेला कोण करून घेणार? त्या वेळी मालकांनी मध्ये पडून हे मुंबईचं स्थळ आणलं, लग्नाचं लुगडंसुद्धा स्वतः पाठवलं. म्हणून दर दिवाळीला हा डबा. खाल्ल्या मिठाला जागायला नको?

म्हातारा तेव्हापासून जावयाच्या दारात होता. डोळ्यांत मोतीबिंदू, सबंध दिवस गॅलरीत बाकावर. चाळीच्या कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ होतं, पण बारा वर्षांत त्याने तिथेच काय, कुठल्याच देवळाच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. “खोटा आळ घेतला ना, म्हणून आबांनी देवळंच सोडली,” असं सुलक्षणा शेजारच्या वनमालाबाईंना सांगायची, आणि चाळीत जो भेटेल त्यालाही. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी एकदा गावात उभं राहून म्हणावं, की काशीराम गुरव चोर नव्हता. तेही आबा जिते आहेत तोवर.

“सगळा नीट बघ गो,” सकाळी म्हातारा म्हणाला. “आणि माका येऊन सांग.”

राणीच्या बागेत माणिकने हत्तीला केळं दिलं, वाघाच्या पिंजऱ्यापुढे नाक दाबलं. पुढे ट्रामने कोटात आले. गुणाजीला आज ऊत आला होता. “हा राजाबाई टॉवर. ही हायकोर्टाची इमारत,” असं तो सांगत सुटला, जणू पायाचे दगड त्यानेच वाहिले होते. सुलक्षणा मान वर करकरून बघत होती. ऊन मी म्हणत होतं, डब्याची कडी हाताला रुतत होती, तरी तिला मजा येत होती. चर्चगेटच्या हिरवळीवर पोळीभाजी खाल्ली. माणिकला गेटवेची घाई झालेली, पण गुणाजी म्हणाला, “आधी इथलं एक म्युझियम बघू. आमच्या गोदामातला श्यामकांत सांगत होता, तिकीटबिकीट नाही, आणि आत गारवा झकास.”

जुन्या इमारतीचा दुसरा मजला. लाकडी जिना, वर लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. दारातल्या खाकीवाल्या शिपायाने डबा बाहेर ठेवायला लावला. आत तलवारी, चिलखतं, नाणी, कुठल्याशा राणीचा फुटका आरसा. माणिक प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचत होती, शाळेत बाईंनी उभं करावं तशी. सुलक्षणाला वाचायला वेळ लागायचा, त्यामुळे तिला ते बरंच होतं.

शेवटच्या कपाटापाशी ती थांबली.

सातेरी. काळ्या मखमलीवर, एकटी. रुंद कपाळ, नाकात चमकी, ओठ थोडे मिटलेले, एखादी बाई काही बोलणार आणि बोलत नाही तसे. आणि डाव्या कानाची पाळी तांब्याची. ती पाळी शिमग्याच्या गर्दीत तुटली होती, आणि आबांनी स्वतः अंगणात शेगडी मांडून डाग दिला होता. भाता कोणी मारला होता? आठ वर्षांच्या सुलक्षणेने. ठिणगी उडून तिच्या मनगटाला चटका बसला होता, त्याचा डाग अजून बांगडीखाली होता.

तिने काय करावं? वहाणा काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, अंबाड्यातलं झेंडूचं फूल काढून काचेवर ठेवायला गेली. ते घसरून खाली पडलं, तशी वाकून ते पुन्हा ठेवलं, आणि तिथेच फरशीवर डोकं टेकलं.

“ओ बाई! उठा, उठा! हे देऊळ नाही,” शिपाई धावत आला. “काचेला हात लावायचा नाही.”

“आमची देवी आहे ती!” सुलक्षणा म्हणाली. “आमच्या घरातली!”

दालनातले पाच-सहा लोक वळून बघायला लागले. कोणीतरी हसलंही. गुणाजीचं तोंड उतरलं. “अगं, चल इथून. लोक बघतायत.”

“बघू देत. माणिक, वाच गं ती चिठ्ठी.”

माणिक घाबरली होती, पण वाचायचं म्हटल्यावर तिचा आवाज आपसूक चढला. “देवीचा मुखवटा. पितळ व तांबे. रत्नागिरी जिल्हा. रावसाहेब अनंतराव खोत यांजकडून भेट, एकोणीसशे चव्वेचाळीस.” आणि मग खूश होऊन, “आई, हे आपले मालक ना? ज्यांना आपण लाडू देतो?”

चव्वेचाळीस. गावात जमाव बसला ते साल त्रेचाळीस. चव्वेचाळीसला सरकारकडून किताब मिळून मालक ‘रावसाहेब’ झाले, गावात पेढे वाटले, आणि त्याच वैशाखात सुलक्षणाचं लग्न लागलं. कुठल्याशा गोऱ्या साहेबाला जुन्या मूर्तींचा षोक होता, हे तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण कोणाच्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले नाहीत. कसे होणार? समोर आयता गुरव होता की! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बाहेर जिन्यावर तिला रडू फुटलं. पण ते दुःखाचं नव्हतं. “मिळाली! अहो, मिळाली! आता गावाला लिहा. देवस्थानाला लिहा. चिठ्ठीवर नाव आहे मेल्याचं, सरळ छापून ठेवलंय!”

गुणाजीने डबा उचलला. खालच्या पायरीपर्यंत उतरला. मग म्हणाला, “हे बघ, तू काही बघितलं नाहीस.”

“काय?”

“मुखवटे काय सगळे सारखेच दिसतात.”

“आणि नाव? तेही सगळ्यांचं सारखंच का?”

“अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? गोदामाचा शेठ मालकांचा दोस्त आहे. उद्या नोकरी गेली तर खायचं काय? तुझ्या देवीची चिठ्ठी?”

“माझ्या बापाला गावाने चोर म्हटलं!”

“बारा वर्षं झाली त्याला. म्हाताऱ्याला आता काय फरक पडतो?”

अकरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस असा बोलला, याची तिला किळस आली, अगदी शिसारी. गेटवे पाहिला, नाही असं नाही. माणिकला कबूल केलं होतं. कमानीखाली वारा भणाणत होता, होडीवाले ओरडत होते, आणि गुणाजी पोरीला सांगत होता, इथून साहेब आले आणि इथूनच गेले. जाताना काय काय घेऊन गेले आणि काय आपल्याच माणसांनी हातात आणून दिलं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत माणिक झोपली. पारलं आलं तसा गुणाजी उठला. “चल, उतरायचंय.”

सुलक्षणाने डबा मांडीवर घट्ट धरला. “मी नाही.”

“अगं, दर वर्षी देतो आपण.”

“या वर्षी नाही. आणि डबाही नाही. हिंमत असेल तर ओढून घ्या माझ्या हातातून.”

तो क्षणभर उभा राहिला. मग गाडी सुटली आणि तो बसला. बोरीवलीपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. तिने मनातल्या मनात पत्र लिहायला घेतलं होतं. पहिली ओळ ठरली होती: श्रीदेवी सातेरीच्या पायाशी, समस्त गावकरी मंडळींना. स्वतःचं अक्षर वेडंवाकडं, म्हणून माणिककडून लिहवून घेणार होती. आबांच्या नातीच्याच हातचं पत्र जाऊ दे, त्यात वेगळीच गंमत.

दिवेलागण झाली होती. म्हातारा गॅलरीत तसाच बसला होता. पावलं ओळखून त्याने मान वळवली.

“इलंस गो? मालकांक फराळ दिलंस मा?”

ती त्याच्यापुढे खालीच बसली. त्याचे दोन्ही हात हातात घेतले. “आबा, मुखवटा सापडला.”

म्हातारा हलला नाही.

“मुंबईला आहे. काचेच्या कपाटात. कानाचा जोड मी या डोळ्यांनी बघितला. खाली चिठ्ठी आहे, मालकांचं नाव आहे. त्यांनी चोरला, आबा! तुमच्यावरचा आळ गेला! मी गावाला पत्र घालते, आता कोणी तुम्हाला—”

“पत्र घालू नको.”

“का? तुमचा काय दोष?”

“चोरल्यान नाय तेनी,” म्हातारा म्हणाला. आवाज इतका शांत होता, की तिला आधी नीट कळलंच नाही. “मीच दिलंय. माज्या हातान. तांबड्या कपड्यातसून सोडवन.”

मागे दारात गुणाजी उभा राहिला होता. माणिक त्याच्या खांद्यावर झोपली होती.

“साहेबाक तो मुखवटो होयो होतो. मालक म्हणाले, काशीराम, तू तो दी आणि तोंड मिटून रव. तुज्या चेडवाक मुंबयचो घोव बघतंय, त्येका नोकरी लावतंय. हुंडो नाय, काय नाय. माज्याकडे काय होता गो? देवळाची तांदळाची मूठ. तुजी आवय मरान गेलेली. तू सोळा वर्सांची.” तो थांबला. “देवी गेली तर दुसरी घडवतत. तुका कोण घडवतलो?”

सुलक्षणाने त्याचे हात सोडले. कधी सोडले, तिला कळलं नाही.

देवळांवर रागावला म्हणून नव्हे, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून म्हातारा बारा वर्षं देवळात गेला नव्हता. आणि ती चाळभर गळा काढून सांगत होती, खोटा आळ! खोटा कुठला? गावाने बरोबर माणूस धरला होता. ही खोली, हा नवरा, ती पोर, गळ्यातली काळी पोत, सगळं त्या मुखवट्याच्या मोबदल्यात आलेलं होतं. तिला बापाचा राग आला, इतका की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मला विचारलंत का? विहिरीवर लोकांच्या घागरी भरल्या असत्या, बिनलग्नाची राहिले असते, पण ताठ मानेने राहिले असते! हे सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कारण दारातल्या झोपलेल्या पोरीकडे बघून ते बोलता येत नव्हतं.

खाली कोणीतरी चुलीवर कांदा परतत होतं.

मग म्हाताऱ्याने विचारलं, “थंय तिका कोण फुला घालता काय गो?”

“नाही,” ती म्हणाली. “चिठ्ठी घातलीय. तिच्यावर मालकांचं नाव आहे. तुमचं नाही.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “बरा जाला,” म्हणाला, आणि मोतीबिंदूचे डोळे पुसायला लागला.

सुलक्षणा उठली. डबा उचलला, फडक्याने पुसला, झाकण घट्ट बसलंय की नाही ते दाबून पाहिलं आणि गुणाजीच्या हातात दिला.

“उद्या कामावर जाताना पारल्याला देऊन जा,” ती म्हणाली. “उशीर झाला म्हणून माफी मागा.”