फुलोऱ्याखालची गाडी

“हे डबडं उचल आधी. अंगणात नेऊन ठेव, नाहीतं कबाडीवाल्याले देऊन टाक. कान्होबापुढं असा कचरा कोनी मांडते का बे?”

धनंजयनं असं म्हटलं, अन् वरून पायाच्या अंगठ्यानं अश्विनच्या खेळातल्या आगगाडीचा रूळ बाजूला सरकवला. हातानं सरकवला असता तं अश्विननं एकवेळ ऐकून घेतलं असतं. पण पाय. अश्विनच्या कानाची पाळी लाल झाली, अन् ती लाल झाली का पुढं काय होते हे अड्याळच्या त्या गल्लीत सगळ्याले माहीत होतं. नववीत असाच कान लाल झाला, मास्तरासंग भांडण झालं, अन् पोट्टा दप्तर तिथंच बाकावर ठेवून जो निघाला तो शाळेत परत गेलाच नाही. आता सतरा वर्षांचा झाला होता. स्टँडजवळ पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधायच्या दुकानात कामाले जात होता.

“पाय नको लावू,” अश्विन म्हणला. “तुह्या घरचा कान्होबा हाये, म्हनून एकदा सांगतो. दुसऱ्यांदा नाई सांगनार.”

धनंजय ईश्वरकाकाचा लेक. ईश्वरकाकाचं साड्यांचं दुकान, घराच्या मागच्या खोलीत अजूनही दोन हातमाग. दर जन्माष्टमीले त्यांच्या घरी कान्होबा बसते अन् सगळी गल्ली पाहाले येते. धनंजय पुण्याले नोकरीवर होता. काल रात्रीच आला, अन् येताना टीव्हीएवढं खोकं घेऊन आला. त्या खोक्यात आगगाडी होती, बाहेरदेशची. मोबाईलवर चालणारी. तेवढ्या पैशात अश्विनच्या बापानं जुनी मोटारसायकल घेतली असती अन् वर पेट्रोल टाकलं असतं.

अश्विनची गाडी होती नागपूरच्या जुन्या बाजारातली. इंजिनाचा निळा रंग उडालेला, एका अंगानं टवका गेलेला. मोटर त्यानं स्वतः बांधलेली. डब्बे म्हणजे मागाचे जुने धोटे. विणताना सूत घेऊन इकडून तिकडं पळते ना, तो लाकडाचा धोटा. ईश्वरकाकानंच दिले होते, तुटके. त्याले खालून चाकं लावली का मस्त मालगाडीचा डब्बा होते, मधातल्या खाचेत मूठभर लाह्या बसते. मागाच्याच तुटक्या फणीचा पूल. अन् चालवाले एक गोल खटका. उजवीकडं फिरवला का गाडी पुढं, डावीकडं फिरवला का मागं. चार वर्षांपासून ती गाडी या कान्होबाभोवती फिरत होती. आरती झाली का गल्लीतले पोट्टे गोल बसत, ज्याची पाळी त्यानं खटका फिरवायचा अन् गाडी समोरच्या पोट्ट्यापुढं लाह्या नेऊन उभी करायची. कोणी जोरात फिरवे अन् गाडी उलटे. लाह्या सांडत. मंग सगळे हसत, अश्विन शिव्या देत देत गाडी पुन्हा रुळावर ठेवे.

ईश्वरकाका आतून आले. दोघाकडं पाहून त्यांनी मधातलं बोलणं काढलं. यंदा नागपूरचे पाहुणे येऊन राहिले, साड्या घेणारे, मोठे लोक. धनूनं हौसेनं आणली हाये तं यंदा त्याची लागू दे. तू हुशार हाये, तू त्याले मदत कर. पुढच्या वर्षी पाहू.

पुढच्या वर्षी. अश्विनले हे बोलणं पायानं रूळ सरकवण्यापेक्षा जास्त लागलं, कारण काका हे गोड बोलून म्हणाले. त्यानं गाडी, रूळ, खटका, सगळं पोत्यात भरलं अन् अंगणात तुळशीजवळ ठेवलं. मंग घरी जाऊ शकत होता. गेला नाही.

काहून नाही गेला? कारण त्याले ती गाडी पाहायची होती. खोटं कायले बोला. खोक्यातून इंजिन निघालं अन् अश्विन दोन पावलं पुढं सरकला. खिडकीले काच, आत बसलेला बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर. मोबाईलवर बोट ठेवलं का शिट्टी, बोट ठेवलं का दिवा, अन् धुराड्यातून खरंच धूर. चाकाचा आवाज तं असा का डोळे मिटले तं भंडारा रोड ठेसनावर उभं असल्यासारखं वाटे. आपल्याले हे आवडून राहिलं, याचाच त्याले अजून राग आला. त्यानं इंजिन उचलाले हात पुढं केला तं धनंजयनं मधातच धरला.

“तेलाचे हात हाये तुये. हात नको लावू. बिघडली तं तू काय भरून देशीन?”

अश्विननं हात मागं घेतला. नखात दुकानाचं काळं होतं, ते खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

दुपारी सुलोचनाकाकीनं, म्हणजे धनंजयच्या मायनं, फुलोरा बांधाले घेतला. कान्होबाच्या डोक्यावर आढ्याले बांबूची चौकट टांगायची, अन् तिले करंज्या, पापड्या, वेण्या, सगळं दोऱ्यानं लटकवायचं. या घरची रीत अशी का फुलोरा त्याच दिवशी तळायचा अन् कढईतून निघाला का गरम गरम बांधायचा. नैवेद्य रात्री बाराले, जन्म झाल्यावर; तोपर्यंत चाखणं तं सोडाच, कोणी वासही घ्यायचा नाही. काकी पदर नाकाले लावून तळे.

आता गरम करंजी लटकवली का तिच्यातलं तेल खाली येते. थेंब थेंब, संध्याकाळपर्यंत. पहिल्या वर्षी अश्विनची गाडी यानंच अडकली होती. रुळातूनच वीज चाकात जाते, रुळावर तेल आलं का वीज तुटते. तेव्हापासून तो रूळ चौकटीच्या हातभर बाहेरून टाके. धनंजयनं रूळ टाकला बरोबर फुलोऱ्याखाली. करंज्याखालून गाडी निघाली का व्हिडिओ भारी येईल म्हणे.

अश्विननं वर पाहिलं, खाली पाहिलं. सांगाले तोंड उघडलं. मंग त्याले तो अंगठा आठवला. त्यानं तोंड मिटलं अन् दाराच्या चौकटीले टेकून उभा राहिला. भोग म्हणावं लेका.

दिवेलागणीले पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. आरती झाली. पोट्टे नेहमीसारखे गोल बसाले धावले तं मधात दोरी. धनंजयनं दोन पाटांना दोरी बांधली होती. शेजारची टीना, पहिलीत जाणारी, दोरीखालून आत घुसली अन् खटका शोधाले लागली. धनंजयनं तिले समजावलं का खटका नसते, हे मोबाईलवर चालते, तू दुरून पाहाय. टीनाले दुरून पाहण्याचा काही अर्थच लागला नाही. आज पहिली पाळी तिची होती, चार दिवसांपासून ती गल्लीभर सांगून राहिली होती. तिनं इंजिनाले बोट लावलं, अन् धनंजयनं तिचा हात झटकला. मारला नाही. पण झटकला असा का पोट्टी मागं बसली अन् ओठ काढून रडाले लागली.

गाडी सुरू झाली. दोन फेरे झकास. पाहुण्यांनी मोबाईल काढले. तिसऱ्या फेऱ्याले इंजिन फुलोऱ्याखाली आलं, अन् दिवा लपलप झाला. शिट्टी आपोआप वाजली. गाडी थांबली, हिसका खाल्ला, पुन्हा थांबली. धनंजयनं मोबाईल बंद करून चालू केला. नेटवर्क नाही म्हणला. इंजिन उचलून पुढं ठेवलं तं चार बोटं चाललं अन् बसलं. पाहुण्यांपैकी एक जण हसला. तिथं धनंजयचं तोंड उतरलं, अन् त्यानं दाराकडं बोट केलं.

“यानंच केलं. सकाळपासून जळून राहिला हा. गाडीले हात लावून राहिला होता, हाताले पाहा काय भरलं हाये त्याच्या.”

सगळे वळून अश्विनकडं पाहाले लागले. त्याचं अश्विनले काही नाही. लोक पाहातच असतात. पण ईश्वरकाकानं पाहिलं, अन् हळूच विचारलं, “बाबू, खरं सांग. तू काही केलं का?”

चार वर्षं. चार वर्षं या घरात तो रूळ टाकून राहिला होता, अन् काकाले विचारा लागलं.

अश्विन दोरी ओलांडून आत गेला. रुळावर बोट फिरवलं अन् काकाच्या नाकाशी धरलं. काकानं झटकन तोंड फिरवलं, कारण वास तुपातेलाचा, फुलोऱ्याचा, अन् नैवेद्य अजून व्हायचा होता. पाहुणेही मागं सरकले. आता सिद्ध कसं करावं? मोटारीचं तेल का करंजीचं, हे सांगाले वास घ्या लागते, अन् वास कोणीच घेत नव्हतं. धनंजय म्हणला, पाहा, तेलच हाये, मी काय म्हटलं होतं.

मंग सुलोचनाकाकी सैपाकखोलीतून पुढं आली. तिनं काही विचारलं नाही. फुलोऱ्याखाली तळहात धरला अन् उभी राहिली. थोड्या वेळानं एक थेंब तिच्या तळहातावर पडला.

“तेल माह्या कढईचं हाये,” ती लेकाले म्हणली. “पोट्ट्याले बोल लावू नको.” मंग अश्विनकडं वळली. “तुले माहीत होतं?”

“होतं.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“मले कोनं विचारलं, काकी? मले डबडं उचल म्हतलं, म्या उचललं.”

काकीनं मान खाली घातली. तिले वाईट वाटलं हे त्याले दिसलं. अन् आपणही काही बरं केलं नाही, हेही त्याले कळत होतं. तिनं दुपारभर तळलं होतं, अन् तिच्याच घरी आज हसं झालं होतं. दुपारी एक शब्द बोलला असता तं काम भागलं असतं. पण ते कळलं म्हणून राग कमी होते असं थोडीच हाये. उलट वाढला.

धनंजय आता नरम झाला होता. रूळ कशानं पुसावं, असं त्यानं पहिल्यांदा सरळ तोंडानं विचारलं. अश्विननं सांगून टाकलं. स्पिरिट घे, सुती चिंधी घे, चाकंही पुस, अन् रूळ हातभर बाहेर घे. अर्धा घंटा लागते. पाहुण्यांले अर्धा घंटा थांबायचं नव्हतं, त्यांनी घड्याळ पाहिलं. तवा ईश्वरकाका घाईनं म्हणले, “अरे अश्विन, तुही आन ना मंग. अंगणातच हाये ना पोतं? तोवर तुही चालू दे.”

तोवर.

अश्विन अंगणात गेला. पोतं उचललं. टीना तिथंच पायरीवर बसून हुंदके देऊन राहिली होती, तिच्याजवळ आणखी सहा-सात पोट्टे. दोरीमागं बसून कंटाळले अन् बाहेर आले होते. अश्विननं पोतं खांद्यावर घेतलं अन् टीनाले म्हटलं, तुह्या घरची ओसरी झाडली हाये का. तिनं डोळे पुसत मान हलवली. तिच्या घरीही कान्होबा होता, वीतभर मातीचा, त्याले कोणी पाहाले जात नव्हतं.

काकी दारात आली. म्हणली, “अरे, आत आन ना. कान्होबा थांबला हाये. असा काय करतं, घरचा पोट्टा ना तू?”

“घरचा हावो तं सकाळी काहून नाई म्हतलं?” अश्विन म्हणला. आवाज चढला होता, त्यानं तो खाली आणला, कारण काकीवर त्याचा राग नव्हता. “त्यायची पुसून घ्या. चांगली गाडी हाये ते, चालनच. माही कोनाच्या तोवरसाठी नाई.”

“बाबू, ऐक तं...”

“मले जा लागते आता, काकी. पोट्टे चालले.”