राहिलेलं कडवं

शर्वरीने खुंटी पिळून गिटारची तार सुरात आणली आणि पाळण्यातल्या भाचीकडे बघायचं टाळलं. नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या त्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेल्या बायकांना आता पाळणा हवा होता.

"आमची शर्वरी म्हणंल की," आई, कुसुमताई, म्हणाल्या. "तिच्या अल्बममधला. विलायती हाय, पण लई गोड."

शर्वरीने जुन्या ब्रिटिश कथागीतांचा अल्बम काढला त्याला वर्ष झालं होतं. कुसुमताईंना इंग्रजीचा गंध नव्हता, तरी रोज भाजी निवडताना त्या तो मोबाइलवर लावत. चौथ्या गाण्याची संथ चाल ऐकून त्यांनी खुशाल ठरवून टाकलं होतं, हा पाळणाच. प्रत्यक्षात ते गाणं होतं मेलेल्या बाळाचं. बर्फ पडत असलेल्या एका दुपारी ते बाळ आईच्या दाराशी येतं आणि शेवटच्या कडव्यात कायमचा निरोप घेतं.

दोन वर्षांपूर्वी शर्वरीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांनी पांघरूण घातलं आणि तिनेही ते घालू दिलं.

बारशात असलं गाणं म्हणजे अभद्रच. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

"आई, नक्को. घसा बसलाय."

"हौ, आमच्यापुढंच बसतोय व्हय?" शेजारच्या त्रिवेणीकाकू हसल्या. "म्हण की बाई, कशाला परेशान करतीस."

ती गायली. असल्या गीतांना कडवी ढीगभर. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं, हे गाणाऱ्याच्या हाती. तिने शेवटचं गाळलं. गाण्यातल्या बाळाला आईच्या मांडीवरच ठेवलं आणि गिटार थांबवली. बायकांनी भरभरून कौतुक केलं.

सगळ्या पांगल्यावर कुसुमताई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"एक कडवं राहिलं."

शर्वरी चपापली. "ते इथं नको वाटलं."

"त्याच कडव्याला तुझा आवाज कापतो. रोज ऐकते की मी." त्यांनी गिटार बाजूला सरकवली. "पाळणा नव्हं ते. मला मेलीला आज कळलं."

शर्वरीला रडू आवरेना. कुसुमताईंनी तिची समजूत घातली नाही, उगी उगी म्हटलं नाही. फक्त हलकेच विचारलं,

"त्याचं नाव काय ठेवणार होतीस गं?"

शर्वरी वाकली आणि तिने ते आईच्या कानात सांगितलं.