पुढच्या चाकांचा नमस्कार

जुनी म्हणा, खटारा म्हणा, डबडं म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. भंगार मात्र म्हणायचं नाही. तो शब्द माझ्या तोंडावर पुष्कळांनी उच्चारला आहे आणि त्यातल्या एकाला मी दोर लावून चिखलातून बाहेर ओढलेलं आहे. तो कोण ते पुढे येईलच.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. औशाजवळच्या एका गावात नीलम्माचं दही-ताकाचं दुकान आहे, त्याच्यासमोर पत्र्याच्या सावलीत मी उभी असते. माझा हिरवा रंग दोनदा बदलला, एक आरसा फुटका आहे आणि हॉर्न मनात आलं तरच वाजतो. पण माझ्यात जे आहे ते आजकालच्या गुळगुळीत गाड्यांमध्ये सहसा नसतं. माझी चारही चाकं ओढतात.

म्हणजे काय ते सांगते. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, उरलेली दोन नुसती सोबतीला पळतात. माझ्या गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की जोर पुढच्या चाकांकडेही जातो. पण त्याआधी खाली उतरावं लागतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक लोखंडी टोपी आहे, ती हाताने फिरवून बसवावी लागते. टोपी सैल असेल तर दांडा कितीही ओढा, पुढची चाकं हलायचं नाव घेत नाहीत. एवढं लक्षात ठेवा. माझं सगळं रामायण त्या टोपीमुळेच घडलं.

तरुणपणी मी सरकारी नोकरीत होते. उमरीकडच्या कालव्यांवर साहेबांना घेऊन फिरायचे. पावसाळ्यात कालव्याचा काठ खचला की बाकीच्या गाड्या डांबरी रस्त्यावर थांबायच्या आणि मी खाली उतरायचे. साहेब दुसऱ्या साहेबांना सांगायचे, "बैल थांबेल, पण ही थांबायची नाही." तेव्हा मला फार बरं वाटायचं. पुढे थंड हवेच्या नव्या गाड्या आल्या. मला कचेरीच्या मागे लिंबाखाली लावलं आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीने अंडी घातली आणि पिल्लंही काढली. त्या दिवसांत मला दुःख झालं नाही, राग आला. चालणाऱ्या गाडीला खुराडं करायचं, हा कुठला न्याय?

लिलाव झाला आणि मी नांदेडला जुन्या गाड्यांच्या बाजारात आले. तिथे मला नीलम्माने पाहिलं.

नीलम्मा चाळिशीची बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, पदर खोचलेला, बोलणं मोजकं. नवरा गेल्यावर तिने हे दुकान काढलं होतं. शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. तशा आखाड्यांवरून दूध गोळा करायचं आणि दही, लोणी, ताक विकायचं. उन्हाळ्यात ठीक चालायचं. पावसाळ्यात मात्र काळी माती अशी धरते की चाकाला चिकटून चाकच दिसेनासं होतं. दूधवाल्या मोटारसायकली रस्त्यावरच थांबायच्या आणि नीलम्मा रिकाम्या भांड्यांसमोर बसायची. म्हणून तिला स्वस्तात, पण चिखलात चालणारी गाडी हवी होती.

तिच्यासोबत तिचा दीर सिद्धलिंग आला होता. त्याचं गावात किराणा दुकान आहे. पांढरे कडक कपडे घालतो आणि पांढरीच मोठी गाडी चालवतो.

"वहिनी, हे डबडं कशाला? ते चकाचक पिकअप बगा की," तो म्हणाला.

"चकाचक दिसाया न्हाई पायजे, भावजी. चिखलात चालाया पायजे," नीलम्मा म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

बाजारवाल्याने बढाई मारली नाही. अंगणामागे टँकर धुवायची जागा होती, तिथे गुडघाभर राड. तो माझ्यापुढे आला, एका चाकाशी वाकला, मग दुसऱ्या चाकाशी वाकला, चिंधीला हात पुसले आणि आत बसला. आखूड दांडा ओढला आणि मी त्या राडीतून अशी गेले की सिद्धलिंगाच्या पांढऱ्या विजारीवर नक्षी उठली. ती मी मुद्दाम उडवली, खोटं कशाला बोलू? कोरड्यावर आल्यावर तो पुन्हा दोन्ही चाकांशी वाकला आणि टोप्या होत्या तशा सैल करून ठेवल्या.

पण नीलम्माच्या ध्यानात वेगळीच गोष्ट राहिली. तिला वाटलं, माणूस गाडीच्या पाया पडला. आपल्याकडे ड्रायव्हर सकाळी स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतात, तसा हा चाकांना करतो. माणूस भाविक आहे, गाडी चांगलीच असणार. तिने मला घेतलं.

घरी आल्यावर तिचे सासरे मलप्पा पुढे आले. वय झालेलं, गळ्यात लिंग, मन लोण्यासारखं. सुनेने आणलेल्या गाडीची पूजा नीट झाली पाहिजे असा त्यांचा हट्ट. खरी विभूती पावसात धुऊन जाईल म्हणून त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला. माझ्या बॉनेटवर तीन पट्टे काढले. ते मला शोभले. मग त्यांना आठवलं की सुनेने चाकांच्या नमस्काराचं सांगितलं होतं. ते खाली बसले आणि दोन्ही टोप्यांवर तीन तीन पट्टे काढले. एक हात, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. रंग टोपीच्या फटीत उतरला, वाळला आणि दगड झाला. मी ओरडले असते, पण त्या दिवशी हॉर्नच्या मनात नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी नीलम्मा माझ्या दोन्ही चाकांना हात लावून कपाळाला लावायची. बिचारी बरोबर तिथेच हात लावायची जिथे फिरवायचं होतं. फिरवायची मात्र नाही.

पावसाळा आला आणि माझी अब्रू गेली. पहिल्याच चिखलात तिने दांडा ओढला, मागची चाकं गरगरली आणि मी पोटापर्यंत रुतले. लोक काठावर उभे राहून हसले. गावातल्या मेकॅनिकने खाली डोकावून निकाल दिला की पुढचं सगळं गेलंय, सामान मिळत नाही. काही गेलेलं नव्हतं! मी पूर्ण शाबूत होते. नुसतं सैल असणं आणि निकामी असणं यात फरक असतो, पण तो कुणी बघायला तयार नव्हतं. त्या पावसाळ्यात नीलम्माने डोक्यावरून दूध आणलं. ती चिखल तुडवत जायची आणि मी पत्र्याखाली कोरडी उभी असायचे. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

दिवाळीनंतर सिद्धलिंग दुकानात येऊन बसला.

"वहिनी, फसला तुमी. आता येळवस झाली की भंगारवाल्याला लावून देतो. दुकान बी आवरा. माझ्या दुकानात गल्ल्यावर बसा. घरचंच हाय, कशाची कमी हाय?"

"कमी कशाचीच न्हाई, भावजी. पण तिथं मी तुमच्या दुकानात बसणार. हितं माझ्या दुकानात बसते."

"डोक्यावर दूध वाहून दुकान चालतंय व्हय? किती दिस?"

नीलम्माने ताकाच्या डेऱ्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "येळवशीचं ताक गावाला माझ्या दुकानातून जाईल. न्हाई गेलं तर जीप बी न्या आन् दुकानाला कुलूप बी तुमीच लावा."

मलप्पा दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. सून बोलून बसली होती आणि आता मागे घेणारी नव्हती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपी बांधायची, पूजा करायची, शेंगाभाज्यांची भज्जी खायची आणि मडक्यातली आंबील प्यायची. ज्वारीच्या पिठाची ती आंबील ताकाशिवाय होत नाही. म्हणजे आदल्या दिवशी गावाला जेवढं ताक लागतं तेवढं वर्षात कधी लागत नाही. थंडीत रस्ते कोरडे असतात, तेव्हा मी सुद्धा बिनघोर जाऊ शकले असते. नीलम्माने तोच हिशेब धरला होता.

आणि येळवस दोन दिवसांवर आली, त्या पहाटे अवकाळी पाऊस झाला.

सकाळी नीलम्मा माझ्यासमोर उभी राहिली. आभाळ उघडलं होतं, पण माती काळी चकचकीत झाली होती. आज दूध आलं तर दही लागणार, दही लागलं तर उद्या ताक होणार. तिने चाकांना हात लावला, कपाळाला लावला आणि निघाली. जवळचे आखाडे तसे पार पडले. शेवटचा केवळाबाईचा, ओढ्यापलीकडचा. केवळाबाईच्या म्हशी सगळ्यांत जास्त दूध द्यायच्या. जाताना उतार होता, गेले. परत येताना चढ होता. भरलेली कॅनं पाठीवर, मागची चाकं फिरली, घसरली आणि मी रुतले. नीलम्माने दांडा ओढला. पुन्हा ओढला. मी तिथल्या तिथे.

केवळाबाई मागून पळत आली. "माय, बैल आणू का?"

"बैलाचे पाय बी घसरतील," नीलम्मा म्हणाली.  दूध उन्हात तापायला लागणार होतं. ती खाली उतरली, चिखलात गुडघ्यावर बसली आणि सवयीने चाकाला हात लावला. हात तसाच राहिला.

"केवळाबाई, नमस्कार केल्यावर तू हात काय करतीस?"

"काय करतेत माय? कपाळाला लावतेत."

"चिंधीला पुसत न्हाई?"

"देवाचा हात कुणी पुसतंय का?"

"त्यानं पुसला व्हता," नीलम्मा म्हणाली. "नांदेडच्या माणसानं. दोन्ही चाकाशी वाकला आन् हात पुसला. कपाळाला लावलाच न्हाई." ती टोपीकडे बघत राहिली. "तो पाया पडत नव्हता. तो कायतरी करत व्हता."

केवळाबाईने कमरेचा विळा पुढे केला. नीलम्मा पट्टे खरवडायला लागली. एकदा थांबली, कपाळाला हात लावून सासऱ्यांना उद्देशून "मामा, माफ करा" असं पुटपुटली आणि पुन्हा खरवडायला लागली. रंगाखालून खाच दिसली. तिने ती बोटांत धरून पिळली. हलेना. दातओठ खाऊन पुन्हा पिळली आणि टोपी कट्ट करून बसली. मग दुसरी. मित्रांनो, त्या आवाजासाठी मी किती वाट पाहिली होती! तिने ग्रीसने माखलेले हात पदराला पुसले, आत बसली आणि दांडा ओढला.

मी आधी पुढची चाकं फिरवली. त्यांनी मातीत नखं रोवली. मग मागच्यांनी रेटा दिला. चढ मी थांबत थांबत नाही, एका दमात चढले, आणि वर आल्यावर हॉर्न आपोआप वाजला.

त्या दिवशी दही लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानापुढे कळश्या आणि बादल्या घेऊन माणसं उभी होती. कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. सिद्धलिंगाच्या घरूनही बादली आली आणि नीलम्माने तीही काठोकाठ भरून दिली.

मलप्पांना हे सगळं कळलं तेव्हा ते माझ्या चाकापाशी बसले. "म्हंजी माझ्याच विभूतीनं गाडी बांधून ठेवली व्हय?"

"विभूतीनं न्हाई मामा," नीलम्मा म्हणाली, "ऑइलपेंटनं."

म्हातारा हसला आणि डोळेही पुसले. मग रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी उरलासुरला रंग स्वतः काढला.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. सिद्धलिंगाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं आणि नको म्हणायला तो विसरला, किंवा विसरला नाही. आपला तीनचाकी टेम्पो घेऊन, त्यात काटा ठेवून, "कुठं हाय भंगार?" म्हणत तो दुकानापुढच्या ओल्या मैदानात शिरला आणि रुतला. सिद्धलिंग पांढऱ्या कपड्यांत काठावर उभा. नीलम्मा दुकानातून दोर घेऊन आली. माझ्या टोप्या फिरवल्या, दोर बांधला आणि मला तोलायला आणलेल्या काट्यासकट मी तो टेम्पो रस्त्यावर नेऊन ठेवला.

भंगारवाल्याने दोर सोडला आणि विचारलं, "मालक, न्यायचं काय हाय मग?"

सिद्धलिंगाने चाकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काय न्हाई. तू जा." आणि नीलम्माकडे न बघता म्हणाला, "वहिनी, ताक उरलंय का?" तिने त्याला गल्ल्यापलीकडून पेला दिला. स्वतः गल्ल्यावरच बसून राहिली.

मित्रांनो, माझी पूजा करू नका असं मी म्हणत नाही. बॉनेटवरचे पट्टे मी अजून मिरवते. पण घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूला, जुन्या माणसालाही, हार घालून कोपऱ्यात ठेवण्याआधी आणि भंगार म्हणण्याआधी एकदा वाकून बघा. सैल काय झालंय ते शोधा. तेल घाला, खरवडा, फिरवून पाहा. तेवढेही कष्ट नको असतील तर निदान हसू तरी नका, कारण कोणता चढ कधी समोर येईल ते कुणाला ठाऊक नसतं.

आता आभाळ भरून आलं की नीलम्मा माझ्यापुढे येते. एका चाकाशी वाकते, मग दुसऱ्या चाकाशी. टोप्या फिरवते, चिंधीला हात पुसते आणि निघते. हात कपाळाला लावत नाही. तिचा तोच नमस्कार मला पोचतो.