निवांत दवाखाना

आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही. चार वर्षांत पाच आले. शेवटच्याने तर व्हरांड्यातली रांग पाहिली आणि गाडीतून न उतरताच धूम ठोकली. तेव्हापासून सगळा गाडा मी एकटी नर्स ओढते आहे.

म्हणून नव्या डॉक्टर मॅडम जागा बघायला येणार कळलं तेव्हा क्लार्कने डोकं चालवलं. "सिस्टर, एक दिवस पेशंटना येऊच देऊ नका. एकदा रुजू झाल्या की मग येऊ दे जत्रा!"

मला पटलं. माझीच अक्कल गहाण पडली होती. आदल्या दिवशी मी प्रत्येकाला बजावलं, उद्या येऊ नका. रोज पट्टी बदलायला येणाऱ्या एकट्या आजोबांनाही. त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता, आणि मला पट्टी बांधण्यापलीकडे काही येत नव्हतं. मोठा दवाखाना लांब, न्यायला माणूस नाही. "डॉक्टर येतील ना नक्की?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या. रिकामी बाकं बघून थबकल्या.

"रोज एवढंच असतं?"

"अगदी निवांत, मॅडम," क्लार्क फुशारकीने म्हणाला.

त्यांचा चेहरा पडला. "मला दोन जागा दाखवल्यात. जिथे जास्त गरज आहे तिथेच जायचंय मला." आणि आमच्यासमोरच त्यांनी ऑफिसला फोन करून दुसरी जागा घेतली.

मी गाडीमागे धावले. खिडकीला धरून सगळं ओकून टाकलं. त्यांनी लगेच परत फोन लावला, पलीकडच्याशी बराच वेळ भांडल्या. शेवटी फोन मांडीवर ठेवला.

"ऑर्डर निघाली म्हणतात. आता बदल नाही. सिस्टर, आधी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? तुमच्याआधीचे गर्दी बघून पळाले, असं? गाडी गेली. क्लार्क आत जाऊन नुसता फायली इकडच्या तिकडे करत बसला. मला त्याचा राग आला, आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आठच्या आत व्हरांडा गच्च भरला. रांगेत पहिले आजोबा, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. मी पट्टी सोडली. काळेपणा आता अंगठ्यावरून पुढे सरकला होता.

"मॅडम कुठायत?"

"गेल्या, आजोबा."

ते पायाकडे बघत राहिले.

"काल मी आलो असतो, तर थांबल्या असत्या का गं?"